नाव कोरणाऱ्याचं नाव

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आज मी तुमच्याशी एका कारागिराविषयी बोलणार आहे. दोनशे वर्षांपूर्वी मराठी मुलखात त्यानं तांब्याच्या पत्र्यांवर अख्खी भगवद्गीता उलट्या अक्षरांत कोरली आणि त्या पत्र्यांवरून कागदावर सुलटी गीता छापली गेली. हे काम ज्यांच्या मनात आलं आणि ज्यांनी ते पुरं करवून घेतलं, त्यांची नावं इतिहासात आहेत. ज्यानं ते हातानं केलं त्याच्याविषयी एकच शब्द उरला आहे, तांबट. तो त्याचा धंदा झाला, नाव नव्हे.

पण त्याच्याकडे जाण्याआधी मला आमच्या जामनेरच्या बाजारातून जावं लागेल. कारण छापण्यासाठी उलटं कोरणं म्हणजे काय, हे मला पुस्तकातून आधी कळलं नाही. ते मला माझ्या मामूंकडून कळलं.

मामू भांड्यांवर नावं टाकायचे. पंचेचाळीस वर्षांपूर्वी लग्नसराईत आमच्याकडे भांड्यांच्या दुकानापुढे गोणपाटावर एक माणूस हमखास बसलेला असायचा. पुढ्यात लाकडी ठोकळा, एका हातात बोटभर छिन्नी, दुसऱ्या हातात लहानशी हातोडी. मुलीला द्यायचे हंडे, पराती, तांबे, ताटं त्याच्यापुढे येत. कुणी दिलं, कुणाला दिलं, कशाप्रीत्यर्थ आणि कोणत्या तारखेला, एवढा सगळा मजकूर तो काठाखालच्या टीचभर जागेत बसवायचा. मामूंचा दर अक्षराला पाच पैसे. काना, मात्रा, वेलांटी फुकट. "हड्डी के पैसे लेता हूँ, जेवर के नहीं," असं ते म्हणत. बाजाराच्या दिवशी ते पाचोरा-जामनेर गाडीनं पहूर, शेंदुर्णीलाही जात. आमची ती छोटी 'पीजे' 2020 साली थांबली, पण तिच्या डब्यात मांडीवर हत्यारांचं गाठोडं घेऊन बसलेले मामू मला अजून दिसतात.

मामूंना मराठी वाचता येत नव्हतं. थोडंफार उर्दू यायचं. गिऱ्हाईक चिठ्ठीवर मजकूर लिहून आणायचं आणि मामू तो चित्रासारखा बघून धातूवर उतरवायचे. एकदा एक शेतकरी परात घेऊन आला. म्हणाला, "चाचा, माह्या पोरीचं नाव नीट टाका बरं. एकच पोर हाये." मामू हसून म्हणाले, "भाऊ, पढना नहीं आता, देखना आता है." नाव बरोबर आलं. पण चिठ्ठीतच चूक असली तर तीच चूक भांड्यावरही जन्मभरासाठी जायची. म्हणून मी तिसरीत गेल्यावर मामूंनी मला शेजारी बसवायला सुरुवात केली. चिठ्ठी मोठ्यानं वाचायची, गिऱ्हाइकाकडून खात्री करून घ्यायची, मग छिन्नी चालायची. मी मराठीत कविता कशी लिहायला लागलो, असं मला अजूनही लोक विचारतात. माझं उत्तर तयार असतं. मी मराठी वाचायला शिकलो ते हंड्या-परातींवरून.

आता ती उलट्या अक्षरांची गोष्ट. एका आडत्याला पावतीवर मारण्यासाठी पितळी शिक्का हवा होता. रबरी शिक्के झिजतात, असं त्याचं म्हणणं. मामूंनी काम घेतलं. चार दिवस खपून पितळेच्या तुकड्यावर उठावाची अक्षरं काढली, आजूबाजूचा धातू खरवडून काढला, कानस मारली. शिक्का देखणा झाला. शाई लावून कागदावर मारला आणि सगळी अक्षरं उलटी उमटली. आडत्यानं पैसे दिले नाहीत, वर पितळेची भरपाई मागितली. मामू रात्री बराच वेळ तो शिक्का हातात घेऊन बसले होते. मग म्हणाले, "हाथ को सब आता है, उलटा नहीं आता."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला पतंगाचा पातळ कागद आणायला सांगितलं. त्यावर दौतीच्या शाईनं ठळक अक्षरांत नाव लिहून घेतलं, कागद पालथा घातला, उजेडापुढे धरला. मागून दिसणारं नाव त्यांनी पितळेवर उतरवलं. मी सकाळी मक्तबमध्ये अरबी-उर्दूचं कायदा-पुस्तक उजवीकडून डावीकडे वाचायचो आणि दुपारी शाळेत मराठी डावीकडून उजवीकडे. पालथ्या कागदावर मराठी उर्दूसारखं उजवीकडून चालायला लागलं, याची मला फार गंमत वाटली. मामूंचा दुसरा शिक्का बरोबर उमटला. आडत्यानं तो घेतला. पहिल्या शिक्क्याचं नुकसान मात्र मामूंच्याच अंगावर पडलं.

पुढे बी.ए.ला मराठी घेतलं, वाचनालयं पालथी घातली, तेव्हा कधीतरी अ. का. प्रियोळकरांचं भारतातल्या मुद्रणाच्या इतिहासावरचं पुस्तक हाती आलं. ते इंग्रजीत 1958 साली निघालेलं आहे. त्यात मिरजेच्या गीतेची हकीकत वाचली आणि मला एकदम तो पतंगाचा कागद आठवला.

हकीकत थोडक्यात अशी. अठराव्या शतकाच्या अखेरीस पुण्यात नाना फडणवीस कारभारी होते आणि इंग्रजांचा वकील म्हणून चार्ल्स मॅलेट 1786 पासून पुण्याच्या दरबारी होता. इंग्रजांच्या सहवासात नानांना छापील ग्रंथाचं महत्त्व पटलं. देवनागरीचे खिळे पुण्यात नव्हते. तेव्हा मार्ग निघाला तो तांब्याच्या पत्र्यावर अक्षरं कोरण्याचा, आणि त्यासाठी एका तांबटाला तयार करण्यात आलं. ग्रंथ ठरला भगवद्गीता. काम पुरं होण्याआधीच 13 मार्च 1800 रोजी नाना वारले आणि पुण्याची घडी विस्कटली. तो कारागीर मिरजेला गेला. तिथं गंगाधरराव गोविंद पटवर्धनांनी त्याला आश्रय दिला आणि 1805 साली मिरजेत गीता छापून झाली. महाराष्ट्रात छापलेल्या देवनागरी पुस्तकांत ती सगळ्यांत आधीची मानली जाते.

या कामाचा आवाका लक्षात घ्या. गीतेचे श्लोक 700. सगळे अनुष्टुभ धरले, म्हणजे एका श्लोकाला 32 अक्षरं, तरी हिशेब 22,400 अक्षरांवर जातो. काही श्लोक त्याहून मोठ्या वृत्तात आहेत, शिवाय 'श्रीभगवानुवाच' आणि अध्यायांची समाप्ती वेगळी. संस्कृत म्हटल्यावर जोडाक्षरांची रेलचेल. ही सगळी अक्षरं उलटी, उजवीकडून डावीकडे, एकाच मापात, एका ओळीत. कागदावर चूक झाली तर हरताळ फासता येतो. तांब्यावर चूक झाली तर ती जागा खरवडायची, पत्र्याला मागून ठोकून खळगा वर आणायचा, घासून पुन्हा गुळगुळीत करायचा आणि पुन्हा कोरायचं.

तांब्यावर अक्षरं कोरणं आपल्याला नवीन नव्हतं. या दख्खनमध्ये हजार-दीड हजार वर्षं राजांनी दानपत्रं तांब्यावर कोरून दिली. वाकाटकांचे, चालुक्यांचे, राष्ट्रकूटांचे, यादवांचे ताम्रपट आज संग्रहालयांत आहेत. पण ती अक्षरं सुलटी. ज्याला जमीन मिळाली त्यानं तो पत्रा जपून ठेवायचा, वाद निघाला की दाखवायचा. त्या पत्र्याला शाई लावून त्याचे शंभर कागद काढावेत, असं कुणाच्या मनात आलं नाही, कारण दानपत्र एकच हवं असतं. मामूंच्या परातीचंही तसंच. नाव एका घरचं, भांडं एकच. पण ज्या क्षणी शंभर घरांत तोच मजकूर जावा असं वाटतं, त्या क्षणी अक्षर उलटं करावं लागतं. पुण्याच्या त्या तांबटानं पिढीजात सुलटा चालणारा हात उलटा वळवला. आपल्याकडच्या छापील पुस्तकाची सुरुवात माझ्या लेखी तिथं आहे.

युरोपात ही कला याआधी साडेतीनशे वर्षं रुजली होती आणि तिथंही ती धातूकाम करणाऱ्यांच्या, मुख्यतः सोनारांच्या दुकानांतून आली. तांब्याच्या पत्र्यावर टोकदार हत्यारानं रेषा कोरायची, खाचांत शाई भरायची, वरचा पत्रा पुसून लख्ख करायचा आणि ओलसर कागद दाबून काढायचा. खाचेतली शाई कागद ओढून घेतो. या पद्धतीनं चित्रं छापणारा, हातावरून ओळखता येणारा सगळ्यांत जुना कारागीर साधारण 1430-40 च्या काळातला. त्याचं नाव कुणालाच माहीत नाही. त्यानं पत्ते कोरले होते. त्यावर फुलं, पक्षी, हरणं, हिंस्र श्वापदं आणि रानटी माणसं. म्हणून अभ्यासक त्याला 'पत्त्यांचा उस्ताद' म्हणतात. त्याच्या मागून ऱ्हाईन नदीच्या वरच्या खोऱ्यात आणखी एक जण झाला. त्याची तीनशेहून अधिक चित्रं आज माहीत आहेत. त्यांतल्या मोजक्या चित्रांवर 'ई' आणि 'एस' ही अक्षरं आहेत, काहींवर 1466 आणि 1467 ही सालं आहेत. त्यामुळे तो झाला 'उस्ताद ई. एस.'. त्यानं माणसं आणि जनावरं एकमेकांत गुंतवून रोमन लिपीची अख्खी वर्णमाला कोरली आहे. अक्षर म्हणजे चित्र, हे तिथं डोळ्यांना दिसतं. मामूंना ती वर्णमाला फार आवडली असती.

या दोघांचीही नावं हरवली. पण तिथल्या अभ्यासकांनी एक गोष्ट केली. त्यांनी रेषा पाहिल्या. कुठं हत्यार जोरानं दाबलंय, कुठं हलकं सोडलंय, सावलीसाठी रेषा कशा एकमेकींवर टाकल्यात, कपड्याची घडी कशी पडते, हे बघून त्यांनी ठरवलं की ही सगळी चित्रं एकाच हाताची आहेत. माणसाचं नाव मिळालं नाही, पण माणूस मिळाला. त्याच्या कामाची यादी झाली, त्याचा काळ ठरला, त्याच्याकडून कोण शिकलं हे सांगता येऊ लागलं. आपल्या तांबटाच्या वाट्याला एवढंही आलं नाही. आपण गीता बघितली, साल बघितलं, पटवर्धनांचं नाव बघितलं. हात बघायचा राहून गेला.

त्याच 1805 सालची दुसरी गोष्ट सांगतो. बंगालमध्ये श्रीरामपूरला विल्यम कॅरे या मिशनऱ्यानं मराठी भाषेचं व्याकरण त्याच वर्षी छापलं, देवनागरी खिळ्यांनी. खिळे पाडण्यासाठी पोलादाचे ठसे कोरावे लागतात आणि श्रीरामपूरचे देवनागरी ठसे कोरणारा माणूस होता पंचानन कर्मकार. कर्मकार म्हणजे लोहार. आधी चार्ल्स विल्किन्सच्या हाताखाली त्यानं बंगाली खिळ्यांचं काम केलं होतं. त्याचं नाव आपल्याला माहीत आहे, त्याचा जावई मनोहर हाच धंदा पुढे चालवत होता, हेही माहीत आहे. मॅलेटच्याच काळात पुण्यात जेम्स वेल्स या चित्रकाराच्या हाताखाली तयार झालेला गंगाराम तांबट आपल्याला नावानिशी माहीत आहे. वेरूळ आणि कार्ल्याच्या लेण्यांची त्यानं काढलेली चित्रं आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. म्हणजे पुण्यातला एक तांबट चित्रांमुळे नावारूपाला आला आणि दुसरा, ज्यानं गीता कोरली, तो जातीच्या नावाखाली नाहीसा झाला.

असं का झालं? पंचानन किंवा गंगाराम यांचे धनी रोजच्या रोज पत्रं लिहिणारे, हिशेब ठेवणारे, वरिष्ठांना अहवाल पाठवणारे होते. कोण माणूस ठेवला, त्याला काय येतं, हे त्या कागदांत येत गेलं. आमच्याकडेही दफ्तरं होती. पेशवे दफ्तरातले रुमाल मोजता मोजत नाहीत. पण आमच्या लिहिणाऱ्याला कारागीर सांगायचा झाला की धंदा सांगून भागायचं. तांबटाकडून करवून घेतलं, सुताराकडून बसवून घेतलं, शिकलगाराकडे दिलं. ऐकणाऱ्यालाही पुढे विचारावंसं वाटत नसे. 'कोणता तांबट?' हा प्रश्न कुणी केला असता, तर आज उत्तर असतं.

काही वर्षांपूर्वी एका कविसंमेलनासाठी मिरजेला गेलो होतो. मीरासाहेबांच्या दर्ग्यावर फातेहा पढलो आणि मग सतारी-तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीत शिरलो. तिथं पहिलं नाव कानावर येतं ते फरीदसाहेब शिकलगारांचं. तलवारींना धार लावणाऱ्या घराण्यातला हा माणूस एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यं करू लागला. हत्यार मागे पडलं, हात नव्या कामाला लागला, आणि मिरजेनं त्याचं नाव राखलं, कारण त्याच्या मागून त्याच्या वंशातल्या माणसांनी आणि शागिर्दांनी तेच काम केलं. तांबटाचं तसं झालं नाही. तांब्यावर काना-मात्रा, जोडाक्षरं मनासारखी कोरता येतात, मामूंच्या दरपत्रकासारखी ती फुकट असतात. खिळ्यांना मात्र प्रत्येक जोडणीसाठी वेगळा खिळा, असे शेकडो लागतात. पण एकदा खिळे झाले की तेच सोडवून दुसऱ्या पुस्तकाला जुळवता येतात. गीतेच्या पत्र्यांवरून गीताच छापता येते. पुढे शिळाछाप आला. मुंबईत गणपत कृष्णाजींनी 1831 साली मराठी पंचांग छापलं, 1869 साली जावजी दादाजींचा निर्णयसागर निघाला आणि देवनागरीचे सुबक खिळे घरोघर पोचले. तांब्यावर अख्खं पुस्तक कोरणाऱ्याला शागिर्द मिळण्याचं कारणच उरलं नाही. शागिर्द नाही म्हटल्यावर त्याचं नाव घेणारंही कुणी नाही.

आता तुम्ही म्हणाल, आपल्याकडे कलावंत नाव लिहीतच नसत, त्यात काय एवढं? आमच्या जामनेरच्या दक्षिणेला अजिंठ्याची लेणी आहेत. तिथल्या चित्रकारांची नावं कोण सांगू शकतो? हे ऐकायला बरं वाटतं. मीही तरुणपणी व्यासपीठावरून असं बोललो आहे. त्याच अजिंठ्यात, दहाव्या लेण्यात, जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं चित्रावरच आपलं नाव ओरखडून ठेवलं आहे, तारखेसकट, 28 एप्रिल 1819. ज्यांनी भिंत रंगवली ते बिननावाचे आणि ज्यानं ती खरवडली त्याचं नाव कायम! हे उदाहरण मी टाळ्या मिळवण्यासाठी अनेकदा वापरलं. आज मला त्यात एक खोट दिसते. नाव न लिहिणं आणि नाव न विचारणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली कारागिराची मर्जी असू शकते. दुसरीचा दोष आपल्याकडे येतो.

हा फरक मला मामूंच्या मयतीनंतर कळला. शेवटची बरीच वर्षं त्यांचा हात थरथरायचा. बाजारात विजेवर चालणारी पेन्सिलीसारखी यंत्रं आली होती, स्टीलच्या डब्यावर ती पोरं सर्रकन नाव काढत. मामू घरीच असायचे. ते गेले तेव्हा मी ठरवलं की त्यांच्या कबरीला दगड बसवायचा आणि त्यावर नाव कोरून घ्यायचं. जन्मभर ज्यानं दुसऱ्यांची नावं कोरली, त्याचं नाव एकदा तरी कोरलं जावं. मुमानी नको म्हणाल्या. "उनको कच्ची कबर पसंद थी. बोल के गये हैं." मामूंनी खरंच तसं सांगून ठेवलं होतं. मातीची कबर, वर सब्ज्याचं रोप, दगड नाही. मी गप्प झालो. त्यांना विचारलं गेलं होतं आणि त्यांनी उत्तर दिलं होतं.

पण त्याच दिवशी मुमानींनी मला स्वयंपाकघरात नेलं आणि एक जुनी पितळी परात काढून दाखवली. त्यांच्या लग्नातली. काठाखाली मामूंच्या हातची अक्षरं होती, मुमानींचं नाव, तारीख. 'प्री' मधला रकार तिरपा आणि थोडा लांब. तो त्यांचा नेहमीचा. मी जामनेरात कुणाच्याही घरी तो रकार ओळखू शकतो. लग्नाच्या पंगतीत, पाण्याच्या तांब्यावर, एकदा तर पहूरच्या एका देवळातल्या समईवर मी तो पाहिला आहे. त्या लोकांना तो कुणाचा हात हे माहीत नाही. मी सांगितलं की त्यांना बरं वाटतं. दरवेळी कुणीतरी विचारतं, "काय नाव होतं हो त्यांचं?" मी सांगतो. इथं सांगत नाही, कारण मुमानींना हे भाषण वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी तेवढं गाळायला सांगितलं.

मिरजेच्या तांबटाला मात्र कुणी काही विचारल्याची नोंद नाही. त्याचं नाव आता मिळेल असं मला वाटत नाही, आणि त्याच्यासाठी मी एखादं नाव रचणारही नाही. कवी असलो तरी तेवढं भान आहे. त्याच्यासाठी करता येण्यासारखं एकच आहे. त्या गीतेची पानं ज्यांच्याकडे आहेत, जे तिचा अभ्यास करतील, त्यांनी श्लोक बाजूला ठेवून अक्षरं बघावीत. त्याचा 'श्री' कसा आहे, त्याची वेलांटी कुठं वळते, पहिल्या अध्यायापासून अठराव्यापर्यंत हात कुठं सैल होतो, कुठं सुधारतो. जर्मन उस्तादांना त्यांच्या लोकांनी असंच शोधलं.

आणि तुमच्या-माझ्यासाठी एक सोपं काम आहे. घरात माळ्यावर जुनी पितळी भांडी असतील. एखादं खाली काढा, चिंचेनं घासा. देणाऱ्याचं नाव असेल, घेणाऱ्याचं असेल. ते कोरणारा कुठं बसायचा, हे घरातल्या कुणा म्हाताऱ्या माणसाला आठवत असेल. त्याचं नाव काय होतं, एवढं त्यांना विचारा. त्यांना आठवलं तर कुठंतरी लिहून ठेवा.

खुदा हाफिज. नमस्कार.